वापरलेल्या एफ-१५० पिकअपला नवा रिमोट जोडताना

अमेरिकेत वापरलेला पिकअप ट्रक विकत घेतला की बहुतेक वेळा एकच किल्ली हाती येते आणि रिमोट एकतर नसतोच, नाहीतर त्याची बटणे झिजलेली असतात. बाहेरच्या कंपनीचा स्वस्त रिमोट मागवून तो घरच्या घरी जोडता येतो. येथे २००४ ते २००८ या काळातील फोर्ड एफ-१५० धरून चाललो आहे. इतर गाड्यांची पद्धत वेगळी असते आणि ती त्या गाडीच्या मालक-पुस्तिकेतच पाहावी.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. या ट्रकमध्ये दार उघडणारा रिमोट आणि इंजिन सुरू होऊ देणारी किल्ली या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. रिमोट सेलवर चालतो आणि रेडिओ लहरींनी दाराला संदेश देतो. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात मात्र सेल नसलेली एक चिप असते आणि इग्निशनभोवतीच्या कड्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही, तर चोरीविरोधी दिवा भराभर लुकलुकतो आणि इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे रिमोट यशस्वीपणे जोडला, तरी नव्या किल्लीने गाडी सुरू होईलच असे नाही.

रिमोट मागवताना चित्रावरून निवड करू नये. जुना रिमोट असेल तर त्याच्या पाठीवरचा एफसीसी क्रमांक (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचा मान्यता क्रमांक) नव्याशी अक्षरशः जुळवावा. उत्तर अमेरिकेतील या ट्रकचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्‌झवर चालतात, तर युरोपात आणि भारतात साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्‌झ वापरतात, म्हणून दिसायला हुबेहूब असलेला रिमोटही मुका राहू शकतो. सोबत आलेल्या सेलवर माझा फारसा भरवसा नसतो. सीआर२०३२ हा नवा सेल आधीच बसवावा, म्हणजे नंतर दोष नेमका कशात आहे याचा शोध घेत बसावे लागत नाही.

प्रत्यक्ष जोडणीपूर्वी वापरात ठेवायचे सगळे रिमोट सीटवर जवळ घ्यावेत, कारण जोडणी सुरू झाली की पूर्वी नोंदलेले रिमोट पुसले जातात आणि जुना रिमोटही पुन्हा त्याच बैठकीत नोंदवावा लागतो. सर्व दारे लावून घ्यावीत आणि दारावरच्या विजेच्या बटणाने कुलपे उघडी ठेवावीत. मग किल्ली इग्निशनमध्ये घालून ती बंद स्थितीतून ‘ऑन’पर्यंत आणि परत, अशी १० सेकंदांच्या आत आठ वेळा फिरवावी. आठव्या वेळी ती ‘ऑन’वरच राहू द्यावी. मोठ्याने मोजत फिरवलेले बरे, कारण चूक बहुधा मोजणीतच होते किंवा घाईत किल्ली पुढे सरकून स्टार्टर फिरतो. जमले, तर कुलपे आपोआप लागून उघडतात. त्यानंतर २० सेकंदांच्या आत पहिल्या रिमोटचे कोणतेही एक बटण दाबावे. कुलपे पुन्हा हलली की त्याची नोंद झाली. लगेच दुसरा रिमोट घ्यावा. अशा प्रकारे चार रिमोट जोडता येतात. शेवटी किल्ली बंद केली की कुलपे आणखी एकदा हलून काम संपल्याचे कळवतात. काहीच हालचाल झाली नाही तर किल्ली काढून थोडे थांबावे आणि पहिल्यापासून सुरुवात करावी.

चिपची नवी किल्ली घरी नोंदवण्यासाठी आधीच नोंदलेल्या दोन किल्ल्या लागतात. पहिली घालून ‘ऑन’वर किमान ३, पण १० सेकंदांपेक्षा कमी वेळ ठेवावी, मग काढून १० सेकंदांच्या आत दुसरी तशीच फिरवावी, आणि ती काढल्यावर २० सेकंदांच्या आत नवी किल्ली घालून ‘ऑन’वर सहा सेकंद तरी ठेवावी. अर्थात किल्लीचे पाते आधी किल्लीवाल्याकडून कापून घेतलेले असावे. एकच किल्ली असेल तर हा मार्ग बंद होतो. तेव्हा डीलर किंवा योग्य उपकरण बाळगणारा किल्लीवाला गाठावा. अशा ठिकाणी सर्व किल्ल्या पुसून नव्याने नोंदवायला सांगावे आणि त्यासाठी दोन किल्ल्या बरोबर न्याव्यात, कारण पुसल्यानंतर दोन किल्ल्या नोंदल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही.

हा खर्च टाळावासा वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. रिमोट जोडल्याने आधीच्या मालकाचे रिमोट निकामी होतात, मात्र त्याच्याकडे राहिलेल्या किल्लीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. चालकाच्या दारावर अंकांची पट्टी असेल, तर तिथे आधीच्या मालकाने घातलेला वैयक्तिक संकेतांकही तसाच राहतो. तो पुसण्यासाठी कारखान्यातून आलेला पाच अंकी संकेतांक लागतो, म्हणून व्यवहाराच्या वेळीच विकणाऱ्याकडून त्याचे कार्ड मागून घ्यावे. हा मूळ संकेतांक मात्र मालकाला बदलता येत नाही, आणि ज्याला तो पाठ आहे त्याला दार उघडता येते, तेव्हा गाडीची कागदपत्रे केबिनमध्ये ठेवू नयेत.