युरोपात शिकताना शनिवार-रविवारची सहल: तिकीट काढण्याआधीचा हिशेब

सातारा-सांगलीकडून जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्या महिन्यातच वीस युरोचं विमानाचं तिकीट दिसतं आणि लगेच बुकही होतं. सहलीचा खरा खर्च त्या तिकिटावर दिसत नाही. आधी खोलीच्या दारापासून हॉस्टेलच्या दारापर्यंत किती तास आणि किती युरो लागतात ते कागदावर मांडा, मग पैसे भरा.

समजा, जाऊन-येऊन विमान ४० युरोला मिळालं. स्वस्त विमानं बरेचदा मुख्य विमानतळावर उतरत नाहीत. फ्रँकफुर्टचं नाव लावणारं हान विमानतळ शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा साताऱ्याहून पुणे गाठण्याइतका प्रवास. पॅरिसचं बोव्हे ८० किलोमीटरवर. तिथल्या बसचे जाऊन-येऊन ३०-३५ युरो धरा. सुरक्षा तपासणी आणि बसची वाट यात एका बाजूचे सहा-सात तास सहज जातात. शुक्रवारी लेक्चर संपवून निघालात तर पोहोचेपर्यंत मध्यरात्र, आणि रविवारी दुपारीच परतीची घाई. दोन दिवसांच्या सहलीसाठी एका बाजूला चार तास ही मर्यादा ठेवा. त्यापलीकडचं गाव लांब सुट्टीसाठी राहू द्या.

चार तासांत रेल्वेने भरपूर होतं. जर्मनीत डॉइचलँड-टिकीट, म्हणजे देशभर स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालणारा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो आहे. अनेक विद्यापीठांत त्याची स्वस्त आवृत्ती सेमिस्टरच्या वर्गणीतच येते, म्हणून वेगळं काढण्याआधी विद्यार्थी कार्ड तपासा. ते आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक आणि उपनगरी गाड्यांत चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर चुकून वेगवान गाडीत बसाल आणि दंड भराल. याच पासावर म्युनिकहून थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं. परतताना सीमेजवळ पोलीस गाडीत चढून कागद बघतात.

आता कागद. शेंगेन म्हणजे आपसातल्या प्रवासासाठी एकच व्हिसा मानणारा युरोपीय देशांचा गट. त्यातल्या एका देशाचं निवास-कार्ड असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण सोबत मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड दोन्ही हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. व्हिसा संपलाय, कार्ड अजून आलेलं नाही आणि हातात नुसती अर्जाची पावती आहे, अशा आठवड्यात देशाबाहेर जाऊ नका. ती पावती शेजारचा देश मानेलच असं नाही. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत. जर्मनीच्या कार्डावर लंडनला जाता येत नाही, आणि लंडन किंवा डब्लिनमध्ये शिकणाऱ्याला पॅरिससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच. एवढे पैसे भरताय तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि दोन-तीन सहली त्यावर बसवा.

विमानानेच जायचं असेल तर दोन गोष्टी हमखास अडवतात. पहिली बॅग. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीची फुकट बॅग ४०×३०×२० सेंटिमीटर. कॉलेजच्या सॅकची उंची-रुंदी बहुधा बसते, जाडी बसत नाही: पुढच्या कप्प्यात चार्जर आणि पाण्याची बाटली कोंबली की २० चे २६ होतात. सॅक भरून झाल्यावर, सगळ्या कप्प्यांसकट टेपने मोजा. जाड जॅकेट अंगात घाला. दुसरी गोष्ट, भारतीय पासपोर्टवाल्यांना काही कंपन्या सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागद दाखवायला लावतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट गेटवर गेलात तर तिथून मागे पाठवतात आणि तेवढ्यात गेट बंद होतं. बोर्डिंग पासवर तशी सूचना आहे का ते घरीच बघा. आणि विमान तीन तासांहून उशिरा पोहोचलं, कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाईचा तुमचा हक्क आहे. ती कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः मागा, दलालाला वाटा देऊ नका.

स्वित्झर्लंडला निघताना तीन गोष्टी वेगळ्या धरा. तो शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही, म्हणून युरोपभर चालणारं मोबाइल पॅक तिथे चालेलच असं नाही. सीमेआधी डेटा बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. चलन फ्रँक. आणि विमा कार्डाच्या मागे असलेलं युरोपीय आरोग्य कार्ड भारतीय नागरिकाला तिथे, तसंच डेन्मार्क आणि नॉर्वेत, उपयोगी पडत नाही. तेवढ्या दिवसांचा प्रवास विमा काढा. बर्फावर पाय मुरगळला तर त्याचं बिल खिशाला झेपणार नाही.

प्राग, बुडापेस्टला युरो नाही. तिथलं एटीएम किंवा दुकानातलं मशीन "तुमच्या चलनात पैसे कापू का" असं विचारतं. नेहमी स्थानिक चलन निवडा, दुसरा दर महाग असतो. ट्राम आणि बसचं कागदी तिकीट काढलं की काम संपत नाही, मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. इटलीत प्रादेशिक रेल्वेच्या कागदी तिकिटालाही तसंच. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

वय २६ च्या आत असेल तर निवास-कार्ड पाकिटात हवंच. युरोपीय संघात राहणाऱ्या तरुणांना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रवेश फुकट आहे, मग पासपोर्ट भारतीय असला तरी. वेळ मात्र आधी आरक्षित करा. मंगळवारी ते बंद असतं. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत.

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी वाणसामानाची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली सोडून. शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, फळं घ्या. हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघर आहे का ते बघा. दोन वाट्या पोहे, कांदा आणि सांगलीचं भडंग यावर दोन वेळा निघतात. भडंग हलकं असतं पण जागा फार खातं, तेव्हा पिशवीतली हवा काढून बांधा. ठेचा आणि लोणचं विमानात द्रवात मोजतात, हातातल्या बॅगेतली १०० मिलीहून मोठी बरणी अनेक विमानतळांवर काढून घेतात. कंदी पेढे मात्र भारतातून निघतानाच बॅगेत घालू नका, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

जायच्या आधी घरी गाडीचा नंबर, हॉस्टेलचा पत्ता आणि परतीची वेळ पाठवा. मध्य युरोप हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो. तिथे रात्री नऊला पोहोचल्याचा फोन हिवाळ्यात साताऱ्यात दीडला वाजतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं, त्या दिवशी सकाळची बस असेल तर मोबाइलच्याच वेळेवर चाला, हातातलं घड्याळ मागे राहतं. अडचणीत युरोपात कुठेही ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.