बंदुकीचा परवाना आहे? मग या चुका टाळा

आमच्या शेजारच्या वाडीतले एक आजोबा भाद्रपदात वारले. तेरावं झालं. मुलगा मुंबईहून आला होता, त्याने महिनाभर राहून सगळं निस्तरलं. सातबाऱ्यावर वारसनोंद घातली, बँकेतलं खातं बंद केलं, गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर केलं. राहिली ती माजघराच्या दाराआड खुंटीला टांगलेली एकनळी बंदूक. दीड वर्षाने निवडणूक लागली आणि पोलीस ठाण्यातून निरोप आला, आजोबांची बंदूक जमा करा. मुलाने फोनवर सांगितलं, "वडील गेले हो." पलीकडून साधाच प्रश्न आला, "मग बंदूक कोणाच्या ताब्यात आहे?"

त्याला उत्तर सुचेना, म्हणून त्याने मला फोन केला. माझ्याकडे वडिलांपासूनची बाराबोरची दुनळी आहे आणि गावातल्या पाच-सहा जणांचे अर्ज मी भरून देतो, एवढीच माझी पात्रता. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट दिसली. परवानाधारक माणूस गोळी झाडून अडचणीत येतो त्यापेक्षा बंदूक नुसती कपाटात ठेवून जास्त वेळा येतो.

माणूस गेला, बंदूक राहिली

परवाना माणसाच्या नावाने असतो. घराला किंवा बंदुकीला परवाना नसतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मृत्यूनंतर घरातल्या कोणाकडेही परवाना नसेल तर तीच वेळ येते. "बापाचीच बंदूक आसा, माका कोण इचारतलो?" हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. विचारणारा विचारतो, आणि विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, ही भीती लोकांना असते. ती जात नाही. पोचपावती घ्यायची, आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, आणि नव्या अर्जदाराला लागतात ती सगळी कागदपत्रं: वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, बंदूक घरात सुरक्षित कुलपात ठेवीन अशी हमी. खरी अडचण येते ती त्या ना हरकतीत. तीन भावांपैकी एकाचं जमिनीवरून बिनसलेलं असलं की तो बंदुकीच्या कागदावर सही करत नाही. मुदतीत कोणी पुढे आलं नाही तर मात्र बंदूक शासनजमा होऊ शकते.

म्हणून हे म्हातारा माणूस हयात असतानाच करावं. शस्त्र नियम २०१६ मध्ये सोय आहे. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की तो हयातीत वारसाकडे देण्यासाठी अर्ज करू शकतो. शेजारच्या वाडीतल्या त्या आजोबांची दोन्ही वर्षं कधीच उलटून गेली होती. कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

वारशाने आली तरी दोनच बंदुका, हेही लक्षात असू द्या. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोन शस्त्रांची मर्यादा आणली. तिसरं शस्त्र जमा करायला एक वर्ष दिलं होतं, ते केव्हाच संपलं. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे. पण काकांची, मामांची आणि स्वतःची अशा तीन नळ्या एकाच कपाटात असतील तर ती सवलत तुमच्यासाठी नाही.

नंबर जुळतो का, ते स्वतः बघा

हे मी माझ्याच कागदावर भोगलं. वडिलांच्या जुन्या परवान्याचं पुस्तक मराठीत हाताने लिहिलेलं होतं. कारकुनाचं अक्षर वळणदार, १ आणि ९ मध्ये फरक फक्त शेपटाचा. पुढे हे सगळं संगणकात गेलं, एनडीएएल नावाच्या देशभराच्या नोंदणीत, आणि प्रत्येकाला यूआयएन म्हणजे एकमेव ओळख क्रमांक मिळाला. माझ्या बंदुकीच्या नंबरातला नऊ तिथे एक होऊन बसला. मला पाच वर्षं पत्ताच नाही. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक दाखवायला नेली, हवालदाराने नळीच्या बुडाशी भिंग धरून आकडे वाचले आणि माझ्याकडे बघितलं. पुढचे चार महिने दुरुस्तीच्या अर्जामागे गेले.

तेव्हा आजच बंदूक उजेडात न्या. नळीवरचा कोरीव नंबर, परवान्यावरचा नंबर आणि ऑनलाइन नोंदीतला नंबर, तिन्ही शेजारी ठेवून अंक अंक वाचा. गंजाने अंक बुजले असतील तर खिळ्याने किंवा कानशीने उकरू नका. नंबराशी खेळ झालाय असं दिसलं की संशय तुमच्यावरच येतो. शस्त्रविक्रेत्याकडून साफ करून घ्या. आणि यूआयएन अजून मिळालेलाच नसेल तर ती किरकोळ बाब समजू नका, त्याशिवाय परवाना वैध धरला जात नाही.

नूतनीकरण: शेवटच्या आठवड्यात धावपळ

पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, आता पाच वर्षांचा मिळतो. पाच वर्षांत माणूस तारीख विसरतोच. अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधी जायला हवा. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे. अर्जाची पोच परवान्याला टाचून ठेवा, कारण निकाल यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात तुमच्याकडे दाखवायला तेवढाच कागद असतो. मुदत संपली आणि अर्जही केलेला नाही, तर बंदूक घरात ठेवू नका, जमा करून टाका.

गाव सोडून पुण्या-मुंबईला राहायला गेलात आणि बंदूक सोबत नेलीत तर तीस दिवसांत नव्या पत्त्याची खबर द्यायची असते. शिवाय परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते वाचा. जिल्ह्यापुरता परवाना असताना बंदूक गाडीत घालून कोल्हापूरला सासुरवाडीला नेणं गुन्हा ठरतो. मुलाच्या हाती बंदूक दुरुस्तीला पाठवायची असेल तर तुमचं लेखी अधिकारपत्र त्याच्या खिशात पाहिजे. दोन ओळींचा कागद असतो, पण तो कोणी लिहीत नाही.

शेतीसंरक्षण म्हणजे शिकार, हा गैरसमज

कोकणात आणि गोव्यात बहुतेकांचा परवाना शेतीसंरक्षणाचा. माकडं नारळ पाडतात, रानडुकरं एका रात्रीत सुरणाचं वावर उकरून टाकतात, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. पण परवान्याने बंदूक बाळगायची मुभा मिळते, जनावर मारायची नाही. ते वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं तर कलम ११ प्रमाणे वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. डुक्कर पडल्यावर अर्ज करून चालत नाही. आणि परवानगी मिळाली तरी मटणाचे वाटे घालायची मिळालेली नसते. भेकर किंवा साळिंदर "चुकून" मेलं, हे सांगायला तर कोणी जाऊच नये.

रात्री बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणून चाप ओढू नका. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आमच्याकडे अधूनमधून येतात, आणि बहुतेक वेळा मेलेला आणि मारणारा एकाच वाडीतले असतात. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय नळी वर उचलू नये.

पोराला पाखरं मारायला एअरगन घेऊन देणारे आईबाप वेगळेच. वीस ज्यूलपर्यंतच्या आणि ०.१७७ इंचाच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं. पाखरू मारायलाही परवानगी लागत नाही, हे कोणी सांगितलं?

ठासणीची बंदूक आणि पावसाळा

आता थोडं हत्याराबद्दल, कारण कागद चोख आणि बंदूक कुजलेली अशीही घरं आहेत.

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. मागच्या वर्षी डुकरासाठी ठासून ठेवली आणि झाडायची राहून गेली, असं होतं. आमच्या वडिलांची पद्धत सांगतो. बंदूक नक्की रिकामी असताना दारू ठासायचा गज नळीत पूर्ण सोडायचा आणि तोंडापाशी गजावर रंगाची रेघ मारायची. पुढे कधीही बंदूक हातात घेतली की केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, काढलेली आहे ना ते बघायचं, नळीच्या तोंडासमोर स्वतः यायचं नाही आणि गज आत सोडायचा. रेघ तोंडाशी आली तर रिकामी. रेघ चार बोटं वर राहिली तर आत दारू आणि छर्रे आहेत. मग घरी खटपट करू नका, जाणत्या शस्त्रकारागिराला बोलवा.

काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. श्रावणात बंदूक न धुता खोळीत घातली तर दसऱ्याला नळी आतून तांबडी झालेली दिसेल. कढत पाण्याने नळी धुवा, फडकं कोरडं निघेपर्यंत पुसा, मग तेलाचा हात द्या. ते तेल खोबरेल नको. थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होतं आणि घोडा जड चालतो. शिलाई मशीनचं तेलही त्यापेक्षा बरं. रेक्झिनच्या खोळीत बंदूक चार महिने ठेवू नका, आत घाम धरतो.

फटाक्यातली दारू ठासणीत भरायचा शहाणपणा करणारे आहेत. ती वेगळ्या कामाची आणि फार वेगाने पेटणारी असते. नळी फुटली तर ती धरलेल्या डाव्या हातावर फुटते. घोडा दुरुस्त करायला गावच्या लोहाराकडे देणंही बेकायदेशीर, त्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसतो. तुम्हीही अडकाल आणि तोही. नळी कापून आखूड करणं हा तर स्वतंत्र गुन्हा.

काडतुसाच्या बंदुकीचं दुखणं निराळं. खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं चांगली, पण दमट कपाटात दोन पावसाळे काढलेलं काडतूस फुगतं आणि नळीत नीट बसत नाही. ते दाबून बसवू नका. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या बाजूला धरून सावकाश साठ आकडे मोजा. उशिरा पेटणारं काडतूस असतं.

खंडेनवमीचा फोटो

शस्त्रपूजन जरूर करा. मात्र पाटावर बंदूक मांडण्यापूर्वी ती रिकामी आहे हे पूजा करणाऱ्याने स्वतः बघावं, कारण थोड्या वेळाने तिच्याभोवती घरातली सगळी पोरं बसणार असतात. मागच्या वर्षी एका घरी नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलेलं पाहिलं. देठ आत तुटून राहिला होता, आणि नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुटू शकते. ती फुटली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. कुंकवाचा ओला टिळा लोखंडावर तसाच राहू देऊ नका, संध्याकाळी पुसून तेल लावा.

आणि फोटो. भाच्याच्या हातात रिव्हॉल्व्हर, मागे गाणं, व्हॉट्सअॅपला स्टेटस. परवाना मामाचा, हत्यार भाच्याच्या हातात, आणि पुरावा त्यानेच गावभर वाटलेला. लग्नाच्या वरातीत, जत्रेत हवेत बार काढणं तर २०१९ पासून कायद्यात नाव घेऊन लिहिलं आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक जागी हत्यार न्यायचंच असेल तर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि लांब बंदूक खोळीत, झाकलेली.

विमानतळावरचं एक काडतूस

नात्यातल्या एकाचं झालेलं. शेतावर नेतो तीच सॅक घेऊन तो विमानाला गेला. एक्स-रेमध्ये आतल्या कप्प्यात एक काडतूस दिसलं. परवाना घरी, बंदूक घरी, विमान निघून गेलं आणि हा पोलीस चौकीत. नकळत राहून गेलेलं काडतूस म्हणजे जाणीवपूर्वक ताबा नव्हे, असं मानून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत. पण ते तिथवर गेल्यावर, आणि वकिलाची फी भरून. बंदुकीसाठी वापरलेली सॅक, जाकीट, गाडीचा डॅशबोर्ड प्रवासाआधी उलटा करून झटका. हत्यार खरोखर विमानाने न्यायचं असेल तर आधी एअरलाइनला कळवा, ते रिकामं करून चेक-इन सामानात द्या, आणि परवाना स्वतःजवळ ठेवा.

निवडणुकीत जमा करताना

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा पाठोपाठ आल्या, आणि आमच्याकडच्या काहींनी एकाच वर्षात दोनदा बंदुका पोहोचवल्या. कोणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. जामिनावर असलेले, गुन्हे नोंद असलेले, आधी दंगलीत नाव आलेले यांच्यावर मुख्य रोख असतो. रात्री शेतात थांबावंच लागतं, एकटं घर आहे, अशी खरी अडचण असेल तर नोटीस आल्याबरोबर लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आजोबांच्या मुलाने शेवटी बंदूक नेऊन दिली. जाताना मी त्याला बंदुकीचे चारी बाजूंनी फोटो काढायला लावले. पावतीवर त्याने नळीचा नंबर, लाकडी दस्त्यावरची जुनी चीर, पट्टा आहे की नाही आणि काडतुसं किती हे सगळं लिहून घेतलं. ठाण्याच्या खोलीत शंभर बंदुका भिंतीला टेकून उभ्या असतात आणि सगळ्या जुन्या दुनळ्या लांबून सारख्याच दिसतात. निकालानंतर आठवडाभराने लोक आपापल्या बंदुका घेऊन गेले. याची अजून तिथेच आहे. धाकट्या भावाची सही यायची आहे.