बायर्न जॅग ग्रँट: काउंटीच्या टेबलावरून

लोकप्रशासनातली मास्टर्स अमेरिकेत केली आणि एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, ग्रँट विभागात लागले. पहिल्याच आठवड्यात हातात आलेली फाईल ‘जॅग’ची, म्हणजे एडवर्ड बायर्न मेमोरियल जस्टिस असिस्टन्स ग्रँटची. पोलीस, कोर्ट, तुरुंग अशा कामांसाठी अमेरिकेचं केंद्र सरकार राज्यांना आणि स्थानिक संस्थांना देतं ते हे अनुदान. बायर्न हा न्यूयॉर्कचा २२ वर्षांचा पोलीस. २६ फेब्रुवारी १९८८ रोजी क्वीन्समध्ये एका साक्षीदाराच्या घराबाहेर गाडीत पहाऱ्यावर असताना अमली पदार्थांच्या टोळीने त्याला गोळ्या घातल्या. आकड्यांत डोकं घालण्याआधी हे वाचा. या पैशाकडे बघायची नजर बदलते.

राज्याचा वाटा निम्मा लोकसंख्येवर आणि निम्मा हिंसक गुन्ह्यांच्या नोंदींवर ठरतो. त्यातले ६० टक्के राज्याकडे जातात, ४० टक्के शहरं आणि काउंट्यांसाठी. इथे एक पेच येतो. गुन्हे नोंदवतं शहर, म्हणून रक्कम शहराच्या नावावर पडते. पण तुरुंग आणि सरकारी वकील यांचा खर्च बऱ्याचदा काउंटी सोसते. अशा ठिकाणी दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, वाटणीचा लेखी करार जोडायचा. हा करार सह्यांसाठी आठवडेच्या आठवडे फिरतो. शिवाय अर्ज पाठवण्याआधी तीस दिवस तो काउंटीच्या मंडळासमोर ठेवावा लागतो. म्हणून आधी मंडळाच्या बैठकीची तारीख बघा, मग लिहायला बसा.

मी चुकले ते ‘सप्लँटिंग’मध्ये. जो खर्च काउंटी स्वतः करतच होती, तो ग्रँटवर ढकलून आपले पैसे वाचवायला मनाई आहे. सार्जंटनी ओव्हरटाइमच्या टाइमशीटचा गठ्ठा आणून दिला. सह्या, तास, दर सगळं चोख होतं. मी मंजूर केलं. पुढे राज्याच्या तपासणीसबाईंनी आमचं आदल्या वर्षीचं बजेट उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तोच गस्तीचा ओव्हरटाइम, तेव्हा काउंटीच्या पैशातून. यंदा ती ओळ कोरी. पैसे परत करावे लागले, आणि व्यसनमुक्ती कोर्टासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तिथे उपचारासाठी नाव लावून बसलेली माणसं होती.

तेव्हापासून प्रत्येक फाईलमध्ये पहिला कागद मागच्या वर्षीच्या बजेटचा असतो. एखादी ओळ कमी झाली असेल, तर ती ग्रँट येणार म्हणून कमी केलेली नाही हे सांगणारा मेमो त्याच आठवड्यात, तारखेसह लिहून घेते. वर्षभराने कोणालाच कारण आठवत नाही.

जस्टग्रँट्स या केंद्रीय न्याय खात्याच्या ऑनलाइन ग्रँट प्रणालीत भरायची तिमाही आर्थिक माहिती सरावाने जमते. सॅमच्या, म्हणजे केंद्राचा निधी घेणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच्या, नोंदणीचं मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती दरवर्षी नव्याने करावी लागते आणि पूर्ण मोफत असते. ‘फी भरा, नाहीतर नोंदणी रद्द होईल’ अशी मेल आली, तर पैसे भरू नका.