९२५ चांदीवरची जांभळट छटा: माझा अनुभव

पेंडंट झाळून (टॉर्चने सांधे जोडून) पॉलिशला घेतलं की राखाडी-जांभळट छटा वर यायची. घासावं तितकी जास्त दिसे. कारण ९२५ चांदीत ९२.५ टक्के चांदी सोडून उरलेल्या ७.५ टक्क्यांत, म्हणजे बहुधा तांब्यात. टॉर्चच्या आचेत ऑक्सिजन आत शिरतो आणि तांब्याचा ऑक्साइड पृष्ठभागाखाली तयार होतो.

घासून तो काढायचा तर नक्षीच जाते. म्हणून मी तो झाकला. पेंडंट मंद तापवायचं, लाल होऊ न देता. थंड झालं की सायट्रिक अ‍ॅसिडच्या गरम पाण्यात टाकायचं. मग साबण आणि पितळी ब्रश. पुन्हा तेच. दर खेपेला वरचं तांबं विरघळतं, शुद्ध चांदीची पातळ साय उरते. तापवल्यावर काळं पडेनासं झालं की थांबायचं. पुढे बफिंग मशीन नको, हातानेच उजळवा. नाहीतर साय निघून छटा परत हजर. (त्या पाण्यात लोखंडी चिमटाही नको, चांदीवर गुलाबी तांबं चढतं.)

आता झाळण्याआधीच स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरीत पेंडंट बुडवतो. स्पिरिट जळून पांढरा थर राहतो, तो ऑक्सिजनला अडवतो. बाटली झाकण लावून, टॉर्चपासून लांब. झाळ नीट पसरावी म्हणून लावायचा टाकणखार फक्त सांध्यावर.