जुन्या दप्तराची गाठ सोडताय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका जुन्या वाड्यातून आमच्या ग्रंथालयात कागदपत्रांचं दप्तर आलं होतं. विटक्या लाल फडक्यात बांधलेले सहा रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे. आत मोडी, बाळबोध (देवनागरी), कन्नड आणि थोडं इंग्रजी. आम्ही हौसेनं गाठी सोडल्या आणि भाषा-लिपीप्रमाणे चार ढीग लावले. इतकी मोठी चूक आमच्या हातून आधी कधी झाली नव्हती. अर्ज मोडीत, त्यावरचं उत्तर कन्नडात, सोबतची पावती इंग्रजीत. तिन्ही कागद तीन कपाटांत गेले आणि भांडण कशावरून होतं तेच कळेना. सीमाभागातला कागद माणसांसारखाच. एका वाक्यात दोन भाषा बोलतो.

म्हणून गाठ सोडण्याआधी फोटो काढा. मग कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक घाला. शाईचं पेन टेबलावर नकोच. भाषा सूचीत लिहा, त्यासाठी कागद हलवू नका.

‘सूचीत काहीच सापडत नाही’ ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. बहुतेक जण ‘बेळगावी’ एवढंच टाकतात. शहराचं अधिकृत नाव २०१४ साली बदललं, त्याआधीच्या नोंदी जुन्या नावानं आहेत. बेळगाव, बेळगाम, रोमन लिपीतलं जुनं स्पेलिंग आणि कन्नड रूप, सगळं टाकून बघा. दुसरी गोची आजच्या नकाशाची. शहापूर आज शहरातच आहे, पण पूर्वी ते सांगली संस्थानात होतं. तिथला कागद बेळगाव जिल्ह्याच्या नोंदीत शोधून कसा मिळणार? १९५६ पर्यंत जिल्हाही मुंबई राज्यात होता, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या सरकारी दफ्तरखान्यांत चौकशी केल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

तारखांचा घोळ तर विचारूच नका. मोडी कागदावरचा सालाचा आकडा दिसला की इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवून मोकळं व्हायचं, ही सवय घातक. ७८ शकाला. फसली या महसुली सनाला साधारण ५९०. सुहूर हा जुन्या मराठी कागदांतला आणखी एक सन मृगाला सुरू होतो, त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. शिवाय तो बहुधा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने’ (दोन), ‘सलास’ (तीन) ही कुणाची नावं समजू नका. आमच्या एका हुशार मुलीनं समजली होती.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही नको. टेप पिवळी पडून डाग धरते, लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ पुरते, पण आधी शाई विरघळते का ते बघा. ओला कागद उन्हात टाकलात तर तो आकसतो आणि वाकडा होतो. टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा, तेही दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी आलीच. आमच्या पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवू नये, हे २०१९ च्या पुरात पुष्कळांना कळलं.

कागदांच्या क्रमाचा घोळ झालाच असेल तर कसरीची भोकं बघा. कीड एका कागदातून शेजारच्यात जाते, त्यामुळे भोकावर भोक बसलं की कागद मूळचे लगतचे होते असं समजायला हरकत नाही. आमचे चार रुमाल असेच जुळलेत. उरलेल्या दोहोंत कसर लागलेली नाही, तिथे आम्ही अजून अडकलोय.