स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग शिकताय-शिकवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंतच्या कारखान्यांत आता मशीनवर सेन्सर लागायलेत, त्यांचे आकडे दाखवणारे डॅशबोर्ड दिसायलेत, चांगलंच आहे. पण माणसं शिकवताना त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टरवर ट्रेनिंग उरकायचं आणि ऑपरेटरच्या हातात टॅब देऊन मोकळं व्हायचं. शिरोलीत एका शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) थांबलं की टॅबवर कारण दाबायचं असं ठरलं. रिपोर्ट आला, सगळ्यात जास्त वेळ टूल चेंजमध्ये जातोय. झालं, साहेबांनी इन्सर्टवाल्याला (इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) बोलावलं, महागडे ग्रेड ट्रायलला लावले, आकडा काय हलला नाही. मी गेलो आणि अख्खी शिफ्ट मशीनपाशी उभा राहिलो, तर खरा वेळ जात होता कास्टिंगची (ओतीव भागांची) वाट बघण्यात, फेटलिंगमधनं, म्हणजे कास्टिंग साफ करतात तिथनं, जॉबच वेळेवर येत नव्हते. मग टूल चेंज कुठनं आलं? स्क्रीनवर ते पहिलं बटण होतं, बाकीची यादी इंग्रजीत आणि खाली, कूलंटनं भरलेल्या हातमोज्यानं स्क्रोल होत नाही, त्यात पोरांना भीती की 'जॉब नाही' दाबलं तर आपल्यावरच येणार. म्हणून यादी ऑपरेटरांसोबत बसून करा, त्यांच्या शब्दांत, जॉब नाही, क्रेन मोकळी नाही, इन्सर्ट तुटला, लाईट गेली, अशी पाच-सहा मोठी बटणं बास. आणि या आकड्यांवरनं कुणाचा पगार कापणार नाही हे मालकानं स्वतः सांगावं. ते झाल्याशिवाय मी ट्रेनिंग सुरूच करत नाही.

दुसरं म्हणजे नवीन पोरांची घाई. एआयचा कोर्स झालेला असतोय, पण सेन्सर रीडिंग पाठवतो त्या 4-20 मिलिअँप करंटच्या सिग्नलमध्ये सुरुवात 4 पासून का, ते माहीत नसतंय. अरे भावा, वायर तुटली की करंट 0 होतो, म्हणून तर रीडिंग खरंच शून्य आहे का वायर गेलीय हे कळतं! मल्टिमीटर लावून एकदा स्वतः बघा, व्हिडिओ नंतर बघा.

एनपीएन सेन्सर (आउटपुट मायनसला जोडणारा) पीएनपीसाठीच्या (प्लसला जोडणाऱ्या सेन्सरच्या) इनपुटला जोडून 'पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, खराब आहे' म्हणू नका. लेबल वाचा.

मॉडबसवर (मीटर-सेन्सरकडनं आकडे आणायची पद्धत) रीडिंग येत नसेल तर आधी ए-बी वायर, बॉड रेट (डेटाचा वेग), स्लेव्ह आयडी (त्या उपकरणाचा नंबर) तपासा, आणि मॅन्युअलमधला 40001 हा रजिस्टरचा पत्ता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 0 म्हणून टाकावा लागतो. सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करत बसू नका.

सिम्युलेटरवर प्रोग्रॅम चालला म्हणून थेट सायकल स्टार्ट मारणाऱ्याला मी मशीनला हात लावू देत नाही. मशीनवर टूल ऑफसेट (टूलच्या लांबी-मापाचा आकडा) चुकीचा टाकलाय हे सिम्युलेटरला कुठनं कळणार? पहिला पीस सिंगल ब्लॉकवरच (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत), रॅपिड (न कापता जोरात सरकायचा वेग) 25 टक्क्यांवर आणि एक बोट फीड होल्डवर, म्हणजे हालचाल थांबवायच्या बटणावर.