सिकलसेलचं हिमोग्लोबिन लॅपटॉपवर उघडा अन् बॉन्ड स्वतः मोजून पाहा

नीटवाली असो का बीएस्सीवाली, आपली पोरं प्रोटीनच्या रचनेच्या चार पायऱ्या, प्रायमरी-सेकंडरी-टर्शरी-क्वाटर्नरी, घडाघडा म्हणतात, पण एक हायड्रोजन बॉन्ड दाखव म्हटलं की गप्प. पुस्तकातली रंगीत रिबन पाहून काही कळत नाही हो, अणूवर क्लिक करून अंतर मोजलं तरच डोक्यात बसतं. आणि विदर्भात राहून उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कितीतरी घरांना माहीत आहे, त्यात बिघडणारं प्रोटीन, हिमोग्लोबिन, तेच उघडू.

मोबाईलवर होते, पण बोट भलतीकडेच लागते, लॅपटॉपच घ्या. मे महिन्यातली दुपार असंही कूलरसमोरच जाते. आरसीएसबी पीडीबीची साइट उघडा, प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा साठा आहे तो, सगळं फुकट आहे, लॉगिनबिगिन काही नाही. सर्चमध्ये ४एचएचबी टाका (इंग्रजी कीबोर्डवरून, स्पेस न देता), हे नॉर्मल माणसाचं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन. वरचा स्ट्रक्चर टॅब दाबला की थ्रीडीत चार साखळ्या दिसतील, ए अन् सी म्हणजे अल्फा, १४१ अमिनो आम्लांच्या, बी अन् डी म्हणजे बीटा, १४६ च्या.

आधी पेप्टाइड बॉन्ड, म्हणजे एक अमिनो आम्ल पुढच्याला जोडणारा. कोणत्याही अमिनो आम्लावर क्लिक करा, आजूबाजूचे अणू काड्यांसारखे उघडतील. मेझरमेंटमध्ये जाऊन एकाचा कार्बन अन् पुढच्याचा नायट्रोजन निवडा, अंतर १.३३ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आसपास येईल. साधा सिंगल बॉन्ड असता तर १.४७ आला असता, म्हणजे हा अर्धा डबल आहे, म्हणून तिथं साखळी वळत नाही, वळते ती अल्फा कार्बनच्या, म्हणजे अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनच्या, दोन्ही बाजूला. हा बॉन्ड कोव्हॅलंट, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला पक्का, अंडं उकळलं तरी तो तुटत नाही, फक्त घडी मोडते.

मग हेलिक्समधलं, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळीतलं, एक अमिनो आम्ल पकडा अन् चार जागा पुढचं पाहा. पहिल्याचा ऑक्सिजन अन् त्या पुढच्याचा नायट्रोजन यांच्यात निळी तुटक रेषा दिसेल, अंतर साधारण ३ अँगस्ट्रॉम, हाच तो हायड्रोजन बॉन्ड. एकटा अगदी कमजोर असतो, पण अख्ख्या हेलिक्सभर अशी रांगच लागलेली असते.

आयनिक बॉन्ड पाहायचा असेल तर वरच्या सिक्वेन्सच्या पट्टीत बी साखळी निवडून शेवटचा हिस्टिडीन १४६ दाबा, शेजारी अॅस्पार्टेट ९४ सापडेल, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. ऑक्सिजन चिकटला की ही जोडी सुटते, ते इथं दिसणार नाही.

डायसल्फाइड, म्हणजे दोन गंधकांमधला बॉन्ड, शोधत बसू नका, हिमोग्लोबिनमध्ये एकही नाही. त्यासाठी १एलवायझेड उघडा, कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम, त्यात चार आहेत. सिस्टीन ६ अन् १२७ ची जोडी पाहा, गंधक ते गंधक २ अँगस्ट्रॉमच्या जरा वर. ते झालं की लगेच परत या, खरी गंमत पुढंच आहे.

आता २एचबीएस उघडा. हे सिकलसेलवालं हिमोग्लोबिन, दोन रेणू शेजारी-शेजारी. एकच दिसून राहिला असेल तर उजवीकडं टाइपमध्ये असेंब्ली आहे तिथं मॉडेल करा. बीटा साखळीत सहाव्या नंबरवर जा. ४एचएचबीत तिथं ग्लुटामेट होतं, चार्जवालं, पाण्यात खुश राहणारं. इथं व्हॅलिन आहे, तेलकट स्वभावाचं. चारही बीटा साखळ्यांचा ६ नंबर एकेक करून तपासा, सगळेच शेजाऱ्याला टेकलेले नसतात. जिथं टेकलाय तिथं शेजारच्या रेणूच्या बीटाचे फिनाइलअॅलानिन ८५ अन् ल्युसीन ८८ दिसतील, त्यांच्या खोबणीत व्हॅलिन घुसलेलं. निळी रेषा नाही, चार्ज नाही, खरं म्हटलं तर बॉन्डच नाही, पाण्यापासून पळणारे गट एकमेकांच्या आडोशाला गेले, बस. पण एकाला एक चिकटत लांब दोरे बनतात अन् लाल पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन असताना ती खोबण नीट जुळत नाही, म्हणून त्रास ऑक्सिजन कमी झाल्यावरच.

एक घोळ टाळा. जेनेटिक रिपोर्टवर ६ ऐवजी ग्लु७व्हॅल लिहिलेलं असते, तिथं सुरुवातीचं मेथिओनिन मोजतात, म्युटेशन तेच.

हे पाहून झालं की लॅबच्या टेस्टही सहज समजतात. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये डायथायोनाइट नावाचं रसायन टाकून ऑक्सिजन काढतात, दोरे बनतात, नळी गढूळ होते अन् नळीमागं धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसत नाहीत. पण वाहक अन् रुग्ण दोघांचीही नळी गढूळच, त्यामुळं नुसत्या तिच्यावर कोणाला रुग्ण ठरवू नका बाप्पा, पुढं इलेक्ट्रोफोरेसिस लागते, म्हणजे विजेच्या जोरावर प्रोटीन चार्जप्रमाणं वेगळी करणं. तिथं अल्कलाइन पीएचला हिमोग्लोबिन पॉझिटिव्ह टोकाकडं धावते, आणि दोन्ही बीटांमधलं एकेक ग्लुटामेट गेल्यानं दोन निगेटिव्ह चार्ज कमी पडलेला सिकलचा पट्टा नॉर्मलच्या मागं राहतो, वाहकात दोन्ही पट्टे दिसतात.